तिसऱ्या वर्षाची शेरणी

गोडीशेव कशी करतात, हे मला आजवर शेकडो बायकांनी विचारलं असेल. मी प्रत्येकीला खरंखरं सांगितलं, आणि घरी करून बघितल्यावर पुढच्या जत्रेत प्रत्येक बाई परत माझ्याच दुकानापुढं येऊन उभी राहिली. त्यात लपवण्यासारखं काही नाही. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, करंगळीएवढी जाड शेव आणि गुळाचा पाक. सगळी गोम पाकात आहे. तो कच्चा राहिला तर शेव ओलसर पडते, पुढं गेला तर खाणाऱ्याचे दात काढते. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकायचा, त्याची गोळी झाली पाहिजे, आणि ती गोळी ताटलीत टाकली की टणकन वाजली पाहिजे. तो आवाज ओळखायला मला दोन उन्हाळे लागले. माझ्या यजमानांना, म्हणजे आमच्या मालकांना, तो लहानपणीच वडिलांचे फटके खाऊन कळला होता.

लपवण्यासारखी गोष्ट दुसरी आहे. ती मी आजवर एकाच घरात जाऊन सांगितली. आता मालक राहिले नाहीत, दुकान मोडून बरीच वर्षं झाली, मुलं आपापल्या नोकऱ्यांत आहेत. दिवाळी अंकासाठी जत्रेतल्या गमतीजमती लिहा, असं मला सांगण्यात आलं. गमती लिहिते, पण नुसत्या गमती लिहिल्या तर मी खोटी ठरेन.

आम्ही आळेफाट्याजवळ राहायचो. गुढीपाडवा झाला की आमचा संसार टेम्पोत चढायचा, तो मृग लागायच्या आधी खाली उतरायचा. या दोन-अडीच महिन्यांत जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत दर दोन दिवसांनी कुठल्या ना कुठल्या गावाची जत्रा. आज आळं, परवा राजुरी, मग खोडद, मग घोड नदीच्या पलीकडची गावं. चार बांबू, वर ताडपत्री, जमिनीत खणलेलं चुलवण, त्यावर कढई. चुलवणाचं तोंड वाऱ्याकडं पाठ करून ठेवायचं, नाहीतर जाळ बाहेर येऊन माणसाच्या अंगावर. पुढच्या फळीवर शेव, रेवडी आणि जिलेबीचे ढीग. मालक कढईवर आणि मी काट्यावर. वरून वैशाखाचं ऊन, मागून चुलवणाची धग. तिकडं घाटात, म्हणजे बैलगाड्यांच्या धावपट्टीवर, शर्यत सुरू झाली की धुळीचा लोट थेट जिलेबीवर यायचा. आम्ही धावत जाऊन धोतरं टाकून ती झाकायचो. स्वच्छ धुतलेली धोतरं, एवढं इथं सांगून ठेवते.

जत्रेत दुकानाची जागा म्हणजे मोठी गोष्ट. कागद नाही, पावती नाही. सासऱ्यांनी ज्या दगडाला लागून पहिल्यांदा बांबू रोवला, तीच आमची जागा. देवळापासून सातवं दुकान म्हणजे सातवंच. एक वर्ष गेलो नाही की जागा गेली. म्हणून घरात लग्न असो की आजारपण, मालकांनी एकाही गावाची जत्रा चुकवली नाही. थोरल्याच्या वेळी मी बाळंतीण होते, तेव्हासुद्धा ते पाचव्या दिवशी ओतूरकडं निघून गेले होते. त्याचा राग मला अजून आहे.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. राजुरीचे एक आजोबा होते. ते ओळीनं सगळ्या दुकानांत चवीपुरती शेव मागायचे, चावून डोळे मिटायचे, मान हलवायचे आणि पुढं जायचे. शेवटच्या दुकानापर्यंत पोट भरायचं. पण परत फिरताना आमच्याकडून अर्धा पाव घ्यायचेच. म्हणायचे, "चव समद्यांची बघतो, पर घेतो तुझ्याकडनंच. घरच्यांना काय, माझ्यासंगं ऱ्हायचंय." याचा अर्थ मला आजतागायत लागलेला नाही. आंबेगावकडच्या एका गाडेवाल्याचा बैल घाटात पहिला आला, तेव्हा तो गुलालात माखलेला बैल घेऊन थेट दुकानात शिरला आणि म्हणाला, आधी याला जिलेबी द्या. बैलानं किलोभर जिलेबी खाल्ली, खालचा कागद खाल्ला आणि ताडपत्रीचं टोकही चघळायला घेतलं. आम्हीही हसत होतो. नाही म्हणायची कोणाची टाप होती?

आणि खोडदच्या दुर्बिणीवर काम करणारे एक साहेब. तिथं त्या मोठाल्या तबकड्या उभ्या आहेत, त्यांच्याकडचे. चष्मा लावलेला, बोलायला एकदम मऊ माणूस. त्यांनी आमच्या काट्याकडं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, हा बरोबर असतो का हो? मालकांना ते लागलं. ते म्हणाले, तपासा. साहेबांनी खरंच पिशवीतून कसलासा पितळी तुकडा काढला, त्याचं वजन त्यांना पाठ होतं. तो एका पारड्यात टाकून दुसऱ्यात आमची मापं ठेवली. दांडीचा काटा मधोमध उभा. साहेबांनी हात जोडले आणि दोन किलो शेव घेतली. मालक त्या दिवशी संध्याकाळपर्यंत जो येईल त्याला ही हकीकत सांगत होते.

तो काटा सासऱ्यांचा. लोखंडी दांडी, साखळ्या आणि दोन पितळी पारडी, एकेक परातीएवढं. दरवर्षी जत्रा सुरू व्हायच्या आधी मालक तो वजनमापवाल्यांकडून तपासून, शिक्का मारून आणायचे. आमच्याकडून कुणाला एक शेव कमी गेली नाही. याचा मला अभिमान होता, तो मी मिरवायचेही. म्हणून पुढचं लिहिताना हात जड होतो.

आमच्या भागात जत्रेला शेरणी वाटतात. बाहेरच्यांना सांगायला हवं, शेरणी म्हणजे नवस फेडताना गावात वाटायचा गोड खाऊ. मूल व्हावं, जगावं म्हणून नवस केलेला असला, तर ते मूल काट्याच्या एका पारड्यात बसवायचं आणि दुसऱ्या पारड्यात त्याच्या भारंभार गूळ, पेढे नाहीतर गोडीशेव ओतायची. शेवेचं पारडं खाली गेलं की नवस पोचला. मग ती शेव घरोघर वाटायची. एवढा मोठा काटा गावात कुणाकडं नसायचा, म्हणून जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढं तीन वाशांचं तिकाटणं उभारून आमचाच काटा टांगला जायचा.

याचे नियम कडक. पोराच्या पारड्यात घोंगडीची घडी घालायची, तेवढाच भार दुसऱ्या पारड्यात ठेवायचा, म्हणजे घोंगडीचं वजन मोजलं जात नाही. काट्याला आईनं हात लावायचा नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे वजनाचा आकडा तोंडातून काढायचा नाही. ना आईनं, ना आजीनं, ना आम्ही. किती पाट्या शेव लागली ते सगळ्यांना दिसतं, मनातल्या मनात हिशेब सगळे करतात, पण बोलायचं नाही. बोललं की पोराला दृष्ट लागते, असं मानतात. मीही मानायचे.

आमची एक रीत होती. ऐन देवापुढं शेव कमी पडायला नको म्हणून गर्दी जमायच्या आत आम्ही पोराला दुकानामागं नेऊन लोखंडी मापांनी एकदा तोलून घ्यायचो. म्हणजे किती पाट्या भरून न्यायच्या ते कळायचं. पोराचं खरं वजन आम्हा दोघांना कळायचं आणि आमच्याजवळच राहायचं.

आता गावाचं नाव लिहीत नाही, कारण ती माणसं तिथं आहेत. कुकडी नदीच्या अंगाला आहे, भैरवनाथाची जत्रा भरते, एवढं पुरे. तिथली सुमन. तिची आधीची दोन बाळं पाळण्यातच गेली होती. तिसरी मुलगी झाली तेव्हा सासूनं नवस केला, पोर जगली तर पाच वर्षं ओळीनं तिच्या भारंभार गोडीशेव वाटीन. मुलीचं नाव अर्चना. सासूला सगळं गाव आत्या म्हणायचं, मीही म्हणायचे. उंच, काटक, नऊवारी नेसलेली बाई. कुणाला न घाबरणारी आणि कुणाचं न ऐकणारी.

पहिल्या वर्षी अर्चना नऊ-दहा महिन्यांची होती. साडेआठ किलो भरली. पारड्यात बसून तिनं समोरच्या पारड्यातली शेव ओढायला हात लांब केला आणि सगळे हसले. आत्यांनी ती शेव स्वतः घरोघर नेली, ज्या घरांशी बोलणं नव्हतं त्या घरांतसुद्धा. दुसऱ्या वर्षी दहा किलोच्या वर गेली. दोन पाट्या शिगोशीग लागल्या. ती दुकानात दुडुदुडु फिरत होती, रेवडीच्या ढिगात हात घालत होती, आणि सुमन तिच्या मागं पळत मला म्हणत होती, "लई वांड हाय, मावशी, हाताशी थांबतच न्हाई." ते कौतुकच होतं.

तिसऱ्या वर्षी आदल्या दिवशीच आत्या दुकानावर आल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "औंदा कमी भरायला नको. गेल्या साली दोन पाट्या झाल्या. औंदा तिसरीला हात लागला पायजे. भावकीत समद्यांना सांगितलंय म्या." मी म्हटलं, पोर वाढतंच की आत्या, काळजी कशाला करता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमन तिला कडेवर घेऊन आली. तीन वर्षांची पोर, धावत यायला हवी होती. तिनं आईच्या खांद्यावर डोकं टाकलं होतं. नवा फ्रॉक घातला होता, तो खांद्यावरून उतरत होता. काय गं झालं, म्हणून मी विचारलं. उन्हानं मलूल झालीय, असं सुमन म्हणाली. आणखी काही तरी बोलणार होती, पण आत्यांनी हाक मारली आणि ती हळदीकुंकवाचं ताट आणायला गेली.

आम्ही अर्चनाला मागं नेऊन तोललं. नऊ किलो. मी मापं काढली, पारडी हातानं पुसली, परत तोललं. नऊच. मला आधी काट्याचाच संशय आला. पण आठच दिवसांपूर्वी त्या साहेबांनी तो तपासला होता. काटा बरोबर होता. पोर वर्षभरात वाढायच्या ऐवजी किलोनं उतरली होती.

मी मालकांना म्हटलं, हे बरं नाही, आत्यांना सांगू. त्यांनी बाहेर बघितलं. ताशे वाजायला लागले होते, भावकी जमली होती. ते म्हणाले, "शुभ काम आहे. आत्ता हे बोलायचं नाही. उन्हाळ्यात पोरं वाळतात, पावसाळ्यात भरून येतात." त्यांनी दोन किलोचं माप फडक्यात गुंडाळलं आणि मुलीच्या बाजूच्या पारड्यात घोंगडीच्या घडीत घातलं. मी ते बघितलं. नुसतं बघितलं नाही, घडी वरून सारखी केली, म्हणजे फुगवटा दिसू नये. त्यांच्यावर ढकलून मला मोकळं होता येणार नाही. गिऱ्हाइकाला कधी न फसवलेला काटा आम्ही त्या दिवशी फसवला, आणि मनात होतं ते एवढंच की म्हातारीचा भावकीत पाणउतारा होऊ नये.

देवळापुढं शेव ओतली. एक पाटी, दुसरी पाटी, आणि तिसरीला हात लागला. शेवेचं पारडं हळूच खाली बसलं. गुलाल उधळला. आत्यांनी भावकीकडं अशी मान वळवली, की आजही ती मान मला दिसते. आणि सुमन. तिचा चेहरा सकाळपासून आवळलेला होता. तिनं त्या तिसऱ्या पाटीकडं बघितलं आणि तो चेहरा सुटला. ती हसली. पोरीला पारड्यातून उचलून तिनं तिचे चारपाच मुके घेतले.

आम्ही संध्याकाळी दुकान मोडलं आणि पुढच्या गावाला गेलो. त्यानंतर मी ते विसरले. हे लिहायला लाज वाटते, पण मी खरंच विसरले. सुगी झाली, दिवाळी झाली, मुलांच्या शाळा झाल्या. मला अर्चनाची आठवण झाली ती एकदम पुढच्या वर्षी, त्या गावात दुकान लावताना. तिच्या शेरणीसाठी मी मालकांना एक जादा घाणा काढायला सांगितला, आणि काट्याची पारडी चिंचेनं घासून लख्ख केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरचं कोणी आलं नाही. बाकीच्या दोन शेरण्या झाल्या. दुपारी ऊन चढलं, लोक घाटाकडं गेले, दुकानापुढं सामसूम झाली. तेव्हा सुमन आली. एकटीच. मी तिला चटकन ओळखलं नाही. ती फळीच्या कडेला जमिनीवर बसली. मी पाणी दिलं, ते तिनं हातात धरून ठेवलं.

मग म्हणाली, "मावशी, तुमाला शेरणीचं समदं म्हाईत असतं. वजन तोंडातनं गेलं तर त्याला काही उतारा असतो का?"

मी विचारलं, कुणाच्या तोंडातनं गेलं? ती म्हणाली, माझ्या. आणि मग सगळं सांगितलं, एका सुरात, न रडता. गेल्या वर्षी शेरणी झाल्यावर ती आनंदात होती. बांगडीवाल्यापाशी तिची बहीण भेटली, तिला ती बोलून गेली, अकरा किलो भरली गं अर्चना. मागं आत्या उभ्या होत्या, त्यांनी ऐकलं. पंधरा दिवसांत पोरीला जुलाब सुरू झाले. जवळच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांच्या काट्यावर नऊ किलोच्याही आत भरली. सुमनच्या नवऱ्यानं सांगितलं, जत्रेत अकरा होती. डॉक्टरांना साहजिकच वाटलं, दोन किलो या जुलाबातच गेले. त्यांनी सलाइन लावलं, औषधं दिली. महिनाभर तेच चाललं. शेवटी पुण्याला नेलं, तिथं कळलं की पोटाचा क्षय आहे, आणि जुना आहे. फार दिवस आधी आणायला हवी होती, असं तिथले म्हणाले. आषाढात अर्चना गेली.

"चांगली अकरा किलोची पोर दोन म्हैन्यांत कशी संपती, असं आत्या म्हनत्यात," सुमन म्हणाली. "तूच बोललीस, तूच खाल्लीस तिला, म्हनत्यात. मलाबी तसंच वाटतं. उद्या मला माहेरी धाडणार हायेत. मंचरकडची माणसं येणार हायेत, यांच्यासाठी मुलगी दाखवायला. मी म्हनलं, जायच्या आधी एकदा तुमाला इचारावं. उतारा असंल तर करून जाते. पोरीला तरी मोकळं वाटंल."

मालक कढईपाशी उभे होते. त्यांनी झारा खाली ठेवला आणि मऊ आवाजात म्हणाले, देवाची इच्छा पोरी, तू मनाला लावून घेऊ नको. म्हणताना ते माझ्याकडं बघत होते. वीस वर्षांच्या संसारात मला ते बघणं कळत होतं. गप्प राहा, असं ते होतं.

गप्प राहणं सोपं होतं. एखादा लिंबू-मिरचीचा उतारा सांगितला असता, ती हात जोडून निघून गेली असती. मी तिच्यासमोर खाली बसले आणि सांगितलं. नऊ किलो भरली होती. घोंगडीत माप होतं. ते आम्ही घातलं होतं.

तिला आधी कळलंच नाही. मला परत सांगावं लागलं. मग तिनं विचारलं, "मंजी जत्रेच्या आदीच उतरली व्हती?"

"हो. वर्षभरात उतरली होती."

"मग माझ्या बोलण्यानं न्हाई गेली ती?"

मी म्हटलं, नाही. तुझ्या बोलण्यानं नाही. सुमननं हातातलं पाणी खाली ठेवलं आणि पदर तोंडात कोंबून जी रडायला लागली, तसं रडणं मी आयुष्यात दुसरं ऐकलेलं नाही. मला तिच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला, पण तो हक्क मला नव्हता.

थोड्या वेळानं ती उठली आणि म्हणाली, हे आमच्या घरी येऊन सांगा. मालकांनी मला आत बोलावून घेतलं. ते चिडले नव्हते, घाबरले होते. म्हणाले, हे गावात कळलं तर ही जागा गेली, आणि एका गावातनं दुसऱ्या गावात जायला गोष्टीला किती वेळ लागतो? बापाचं नाव आहे या काट्यावर. मी म्हटलं, तुम्ही येताय का मी एकटी जाऊ? ते आले नाहीत. मी गुळानं चिकट झालेले हात धुतले आणि सुमनच्या मागून निघाले.

जत्रेच्या दिवसांत प्रत्येक घर पाहुण्यांनी भरलेलं असतं. त्यांच्या दारात चप्पल नव्हती. वर्ष सरलं नव्हतं, म्हणून सण नव्हता, पुरण शिजलं नव्हतं. ओट्यावर आत्या बसल्या होत्या. आत सुमनचा नवरा होता आणि भावकीतली दोन माणसं. मला बघून आत्या म्हणाल्या, "औंदा शेरणी न्हाई, बाय. कळलं असंल तुला."

मी उभ्या उभ्याच सांगितलं. बसायला कोणी म्हटलं नाही आणि मी बसलेही नसते. नऊ किलो, दोन किलोचं माप, घोंगडीची घडी. सुमन काही बोलली म्हणून काही झालं नाही, पोर आधीच आजारी होती, ते आम्हाला दिसलं होतं आणि आम्ही झाकलं. भावकीतला एक जण उठून माझ्या अंगावर आला. सुमनच्या नवऱ्यानं त्याला धरलं, पण स्वतः मात्र भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. मला वाटलं, डॉक्टरांपुढं आपण काय बोललो ते त्याला आठवत असावं.

आत्यांची बोटं ओट्याच्या शेणानं सारवलेल्या कडेवरून पुढंमागं फिरत होती. मला वाटलं, आता शिव्या बसतील. त्या बसायलाच हव्या होत्या. पण त्या म्हणाल्या, "कमी भरायला नको, असं मीच म्हनले व्हते."

त्या माझ्याशी बोलतच नव्हत्या.

मग त्यांनी मुलाला हाक मारली आणि सांगितलं, "मंचरला निरोप धाड. येऊ नका म्हनावं." सुमनकडं त्यांनी बघितलं नाही. चुकलं म्हणाल्या नाहीत, ये म्हणाल्या नाहीत. त्या उठल्या, दाराची चौकट धरून आत गेल्या आणि देवघरापुढं अंधारात बसून राहिल्या.

भावकीतल्या माणसानं मला बजावलं, दिवस मावळायच्या आत दुकान उचला. आम्ही उचललं. सासऱ्यांपासूनची जागा गेली, परत त्या गावात बांबू रोवला नाही. मालकांना वाटलं तसंच झालं. पुढं दोनतीन गावांत लोकांनी शेरणीला आमचा काटा घेणं बंद केलं, आणि ते बरोबरच होतं. मालक महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलत होते. फार पुढं, आजारी असताना, एकदा आपण होऊन म्हणाले, "तू गेलीस ते बरं केलंस. माझे पाय उचलले नव्हते."

त्या दुपारी सुमन मला वेशीपर्यंत सोडायला आली. मला वाटलं होतं, ती काही बोलणार नाही. घाटाकडून माणसांचा गलका येत होता, म्हणून ती जवळ येऊन उभी राहिली.

"मावशी, तुमी येऊन सांगितलं, माझं घर ऱ्हायलं. पर एक सांगते," ती म्हणाली. "शिमग्यापासनं मला कळत व्हतं. तिला उचलली की हलकी लागायची. रोज उचलायची ना मी, मला कळत व्हतं. दवाखान्यात न्यायला पायजे, असं मी त्या दिवशी घरी बोलणार व्हते. मग तुमच्या काट्यावर तिला तिसरी पाटी लागली. म्या म्हनलं, माझे हातच खोटे."

एवढं बोलून ती वळली आणि घराकडं चालायला लागली.